हे यंत्र ओळखीचं नाही

रात्री साडेअकरानंतर एमआयडीसीत वीज जरा टिकते,
म्हणून ही वेळ.
बियाणं तपासणीच्या लॅबची मागची खोली,
मी, प्लास्टिकचं स्टूल,
आणि एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली.
वॉचमन लिंबाजी त्यातलं पाणी इन्व्हर्टरला घालतो,
उरलेलं जास्वंदीला.
जालन्यात कुठल्याच पाण्याला नाही म्हणायची रीत नाही.

जुन्या यंत्राचं नाव सिंदफणा.
इर्शादभाईंनी ठेवलेलं.
त्यांच्या काळात इथली सगळीच यंत्रं नद्या होती,
हिशेबाची तेरणा, मेलची मांजरा,
आणि दर आठवड्याला आटणारा प्रिंटर,
त्याला ते नुसतं नाला म्हणत.
बॅकअपलाच सिंदफणा का, मी विचारलं होतं.
"वरून कोरडी दिसती ना ती?
हातभर वाळू उकर. पाणी लागतं."
नदी माझ्या माहेरावरून जाते
हे त्यांना ठाऊक होतं का,
ते विचारायचं राहिलं.

नव्याचं नाव पुण्याहून मेलमध्ये आलं:
जेएलएन-बीकेपी-०२.
०१ कुठंय, कुणालाच माहीत नाही.

अकरा वर्षांचे उगवणीचे अहवाल.
कपाशी, तूर, बाजरी.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे,
किती उठले, किती कुजले,
किती नुसतेच पडून राहिले, न मेलेले, न उगवलेले.
मी टक्के बघत बसले.
तीन. तीन. तीन. चार.

सव्वादोनला सगळं पोचलं.
दोन्हीकडे ताळा केला, एक कण कमी नाही.
मग नव्या नावानं पहिला बॅकअप लावला
आणि तो निघाला की शून्यापासून,
जणू अकरा वर्षांत इथं कुणी काही पेरलंच नव्हतं.
सगळं त्याच्याच पोटात होतं.
पण यादीत लिहिलेलं सिंदफणा,
आणि हा विचारत होता, कोण ही?
वजनकाट्यावरच्या, गोदामातल्या कॉम्प्युटरांनी तर
दारच लावून घेतलं:
हे यंत्र ओळखीचं नाही.

मी एकटीच हसले.
ताटभर तांदळात अंगठीनं माझं नाव श्रेया लिहिलं
त्याला नऊ वर्षं झाली.
माजलगावच्या पोस्टात अजून
सत्यशीला विष्णू थोटे हिच्या नावावर
सहा हजार चारशे रुपये आहेत.
पोस्टमास्तरनं चष्म्यावरून बघितलं होतं.
"ह्या बाईला घेऊन या, मॅडम."
मी समोरच उभी होते.
तिथं ॲफिडेव्हिट लागतं, दोन साक्षीदार,
स्टॅम्पपेपर, आणि त्या दिवशी हजर असलेला साहेब.

इथं एक ओळ लागते.
नवा पत्ता,
बोटभर मोकळी जागा,
जुनं नाव.
आता कुणी सिंदफणा म्हणून हाक मारली
तर ओ ह्यानं द्यायची.

आधी वजनकाटा बोलला.
गोदामाला दोनदा सांगावं लागलं,
जुनी ओळख पुसून नवी पटवावी लागली,
ते तसंच आहे, पहिल्यापासून हट्टी.
बॅकअप परत लावला.
ह्या वेळी त्यानं फक्त आजचं घेतलं, चौदा फायली,
शेवटची संध्याकाळच्या तुरीची,
शंभरात ब्याऐंशी.

जुनं यंत्र बंद केलं.
पंखा लगेच थांबला नाही.

पुण्याच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता,
जुनं नाव सर्व ठिकाणांहून काढलं का?
हो. नाही.
मी हो वर खूण केली.

लिंबाजी दारात आला, बादली उचलली,
काठोकाठ भरलेली, न सांडता.
"झालं का मॅडम? कोणती बंद केली?"
"कोणतीच नाही," मी म्हणाले,
आणि चपला शोधायला लागले.